एकशे चोवीस, ब्याऐंशी

साडूसाहेब,

परवा कॉलेजच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. सात जण बोलले. सातांपैकी पाच जणांनी तुम्हाला मंगळवीर म्हटलं आणि दोघांनी शिस्तीचा पुतळा. फोटो निळ्या सूटमधला लावला होता, छातीवर ‘आरोग्य व सुरक्षा अधिकारी’ अशी पट्टी असलेला. हार घातलेला तो फोटो पाहून मला रडू यायला हवं होतं. तुमच्या तेराव्याला आलं होतं. परवा आलं नाही. राग आला, आणि सातवं भाषण संपेपर्यंत रागही गेला. उरली ती तुच्छता. त्या सभेबद्दल, त्या पट्टीबद्दल आणि लपवत नाही, तुमच्याबद्दलही.

शेवटी संचालक उठले. म्हणाले, पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी आत जाणार, सहा विद्यार्थी, आणि त्यांच्या प्रकृतीची सगळी देखरेख ‘दिगंबरराव पद्धती’ने होणार. पहिल्या मोहिमेत एकवीस दिवसांत एकाही सदस्याच्या तब्येतीची एकही तक्रार नोंदली गेली नाही, ती या पद्धतीमुळे. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “स्मरणिकेसाठी दोन पानं द्या. तुम्ही त्यांचे साडू. भावपूर्ण होऊ द्या.”

ती दोन पानं ही. भावपूर्ण होतील की नाही ते मला सांगता येत नाही. पण तुमची पद्धत काय होती ते मला माहीत आहे, आणि त्या सहा पोरांना माहीत नाही. लिहावं तर तुमचं, आक्कांच्या नवऱ्याचं, नाव छापील कागदावर खराब होतं. न लिहावं तर पोरं तशीच आत जातात. दोन दिवस मी या दोन्हींच्या मध्ये बसून आहे.

ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निलंगा रस्त्याला कॉलेजचा माळ आहे. तिथे पत्रा आणि फोम वापरून एक गोल घर उभं केलं. त्याला मंगळ समजायचं. सव्वीस फूट व्यास. टेप धरून मी स्वतः मोजला होता. माणशी अठ्ठ्याऐंशी चौरस फूट, त्यातच स्वयंपाक, झोप आणि संडास. सहा माणसांनी एकवीस दिवस आत राहायचं, बाहेर पडायचं तर एकोणीस किलोंचा पोशाख चढवून, जणू बाहेर हवाच नाही. दोनशे दहा फुटांवर एक शेड होती, तिला पृथ्वी म्हणायचं. आतल्या माणसांच्या तब्येतीचा तक्ता रोज सकाळी पृथ्वीवर यायचा आणि तिथून नांदेडला माझ्या फोनवर. ते काम तुम्हीच मला दिलं होतंत. संचालकांना म्हणालात, “आमचे साडू धरणावर पाण्याची पातळी लिवतात. सत्तावीस वर्षांत एक आकडा अंदाजानं लिवला न्हाई.” मला बरं वाटलं होतं. आता त्या वाक्याचा राग येतो, कारण अंदाजाने लिहिणं काय असतं हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं, हे त्यातून दिसतं.

उद्‌घाटनाच्या दिवशीच मला समजायला हवं होतं. घराच्या आत पूजा मांडली. नारळ, कापूर, उदबत्तीचा अख्खा पुडा. दार बंद असलेल्या घरात सहा सदस्य, चार पाहुणे, एक गुरुजी आणि धूर. धुराचा अलार्म वाजू लागला. माझ्या मते त्या मोहिमेत आपलं काम चोख केलेली ती एकमेव वस्तू. पाहुण्यांच्या कपाळावर आठी पडली. तुम्ही स्टुलावर चढलात, अलार्मचं झाकण काढलंत, सेल काढून खिशात टाकलात आणि म्हणालात, “आता शांत हाय.” सगळे हसले. सुरक्षा अधिकाऱ्याचं पहिलं काम हे झालं. सेल तिसऱ्या दिवशी परत बसवलात, मी दोनदा निरोप पाठवल्यावर.

तक्त्यात सहा ओळी असायच्या. वजन, ताप, नाडी, रक्तदाब. बाकी पाच जणांचे आकडे माणसांसारखे होते. प्रणिता, यंत्र शाखेची मुलगी, तिचा वरचा दाब एके दिवशी अठ्ठ्याण्णव तर एके दिवशी एकशे सतरा. सहावी ओळ तुमची. नवव्या दिवशी मी ती वेगळी काढून पाहिली. नऊ दिवसांत सहा वेळा एकशे चोवीस, ब्याऐंशी. उरलेल्या तीन वेळा दोन इकडे, दोन तिकडे. धरणाचं पाणीसुद्धा असं गप्प बसत नाही, साडूसाहेब. वारा आला तरी पट्टीवर बोटभर हलतं.

दहावा दिवस रविवार होता. मी पहाटेची एसटी धरून आलो. पृथ्वीवर म्हणजे शेडमध्ये एक प्राध्यापक घड्याळ घेऊन बसले होते. मंगळापर्यंत आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक निरोप ते बारा मिनिटं अडवून धरायचे, मग वायरलेसवर वाचून दाखवायचे. उत्तरही बारा मिनिटं अडवायचे. मी विचारलं, तब्येतीच्या प्रश्नालाही? म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.”

मी लिहून दिलं: तुमचा दाब कोण मोजतं?

चोवीस मिनिटांनी उत्तर: “शोभाबाईला नमस्कार सांगा. आम्ही मजेत हाव. दाब मीच मोजतो. मला दुसरा कोण मोजणार?”

मी लिहिलं: प्रणिताला मोजू द्या.

चोवीस मिनिटं. “ती म्हणलीच होती. मी म्हणलं, आधी डॉक्टर व्हय, मग मोज. साडू, मोठ्या माणसाचा दंड धरायची हिंमत हाय का यातल्या एकाची तरी?”

मी लिहिलं: आकडे शिळे वाटतात.

चोवीस मिनिटं. “तुम्ही धरण मोजा. माणसं मी मोजतो.”

तीन प्रश्न, तीन उत्तरं, एक तास बारा मिनिटं. मध्ये दोनशे दहा फूट मोकळा माळ होता. चालत गेलो असतो तर मिनिट लागलं नसतं. दार ठोठावून, तुमचा हात ओढून, पट्टा बांधून मी परत येऊ शकलो असतो. मोहीम मोडली असती. मला वाटलं, नियम आहे. एसटीची वेळ झाली आणि मी निघालो. तुच्छतेतला माझा वाटा मी इथे लिहून ठेवतो, कमी करून नाही.

परवा सभेनंतर ती निरोपांची वही टेबलावर ठेवलेली होती, प्रदर्शनासाठी. दहाव्या दिवसाचं पान मी उघडलं. माझ्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराखाली तुमचा चौथा निरोप होता. “साडू हायत का अजून? एक बोलायचं होतं.” पुढे प्राध्यापकांची नोंद: संबंधित व्यक्ती निघून गेली, निरोप मोहिमेशी संबंधित नाही. हा निरोप मला कुणी कळवला नाही. तुम्ही बाहेर आल्यावर पाच आठवडे होतात, तीन वेळा आपण फोनवर बोललो, त्यात आक्कांच्या गुडघ्यापासून माझ्या बदलीपर्यंत सगळं आलं. तेवढं एक आलं नाही. तुम्ही काढलं नाहीत आणि मला विचारायचं ठाऊकच नव्हतं.

सतराव्या दिवशी काय झालं ते मला प्रणितानं सांगितलं, सभागृहाच्या बाहेर, गाड्या लावतात तिथे. तिला ते कुणाला तरी सांगायचंच होतं असं दिसलं.

“पोशाख घालून बाहेर गेलो होतो. ऊन लई होतं. काका एकदम खाली बसले. तोंड लालबुंद. डावा हात बधिर झालाय म्हणले.”

“मग मोहीम थांबवली का नाही?”

“नियमात लिहिलेलं, थांबवायचा अधिकार आरोग्य अधिकाऱ्याला. म्हणून आम्ही काकांनाच विचारलं.”

“जो पडला त्यालाच विचारलं, थांबवायचं का.”

“हाव. काका म्हणले, काही न्हाई, ऊन लागलंय, लिंबू-साखर-मीठ द्या.”

“तुम्ही पाच जण होता.”

“होतो ना. पण काकांच्या पुढं कसं जायचं? ते न्हाई म्हणल्यावर आम्ही कोण हाव म्हणायला?” मग म्हणाली, “आत गेल्यावर त्यांनी दाबाचं मशीन घेतलं आणि कोठीत जाऊन दार लावलं. बाहेर आल्यावर म्हणले, ठीक हाय.”

त्या मुलीला मी दोष देत नाही. ती आईबापांनी शिकवलं तसंच वागली. आपल्याकडे घरातला मोठा माणूस ताप अंगावर काढतो, ताटावर बसतो, आणि ‘मला काय धाड भरली’ म्हणतो. समोरचे मान डोलावतात. त्याला आपण मान देणं म्हणतो. सहा शिकलेली माणसं मंगळावर गेली आणि हे घरून सोबत नेलं. नियमपुस्तिका अठ्ठेचाळीस पानांची आहे. झेंड्याची घडी कशी घालावी यावर त्यात एक पूर्ण पान आहे. अधिकारीच आजारी पडला तर काय, यावर अर्धी ओळ नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते आलंच नसेल. पण तुमच्या डोक्यात यायला हवं होतं. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात काढलीत. निवडीच्या वेळी सहाही जणांची तपासणी तुम्ही केलीत, त्यात तुमचीही तुम्हीच. वरचा दाब एकशे पन्नासच्या वर असेल तर नाव कापायचं, हा नियम तुमच्याच हातचा.

सभेच्या त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी गेलो. आक्कांनी मोहिमेची पिशवी समोर ठेवली. आल्या दिवसापासून तशीच बांधलेली होती. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती हे मला त्या दिवशी कळलं. “घेतो म्हणायचे,” आक्का म्हणाल्या. “मी कामून मोजू?”

पिशवीत तुमचं मशीन होतं, निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेलं. त्यात शेवटच्या नव्वद नोंदी राहतात, तारीख-वेळेसह. तुम्ही हे विसरलात किंवा तुम्हाला माहीतच नव्हतं. घड्याळ मी माझ्या फोनशी ताडून पाहिलं, चार मिनिटं मागे होतं. मग नव्वदच्या नव्वद नोंदी कागदावर उतरवल्या. पाचव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत रोज सकाळी पाच नोंदी. सहा नाही, पाच. त्या पंच्याऐंशी तक्त्याशी जुळवल्या. पाच जणांच्या सगळ्या तंतोतंत जुळल्या. दुसऱ्यांच्या बाबतीत तुम्ही एकदाही लबाडी केली नाहीत. चार नोंदी चौथ्या दिवसाच्या. त्याआधीचं मशीनमध्ये नाही, म्हणून त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पंच्याऐंशी आणि चार एकोणनव्वद. उरली एक.

सतरावा दिवस, दुपारचे चार वाजून बारा मिनिटं. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे सोळा.

दुसऱ्या कुणाची असेल म्हणून प्रणिताला फोन करून विचारलं. त्या वेळी मशीन तुमच्याकडे होतं आणि कोठीचं दार लागलेलं होतं. अठराव्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर जो तक्ता आला, तो मी पुन्हा उघडून पाहिला. तुमच्या ओळीत एकशे चोवीस, ब्याऐंशी.

मोहिमेनं तुम्हाला मारलं असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पाच आठवड्यांनी सकाळी दाढी करताना तुम्ही पडलात, मेंदूत रक्तस्राव झाला, तिसऱ्या दिवशी गेलात. घरी असतात तरी झालं असतं कदाचित. पण सतराव्या दिवशी चार वाजून बारा मिनिटांनी तुम्हाला आकडा कळला होता, आणि कळल्यावरही तुम्ही चार दिवस आत राहिलात आणि पाच आठवडे बाहेर. त्या आकड्याचं तुम्ही काहीही केलं नाहीत. एक गोळीसुद्धा घेतली नाहीत. मशीन पिशवीत बांधून ठेवलंत, आणि सत्काराला गेलात.

का, ते मला समजतं. एकतीस वर्षं तुम्ही पोरांना डोस पाजलेत, विहिरीत पावडर टाकलीत, कुणी एक फोटो काढला नाही. अठ्ठावन्न उलटल्यावर कुणीतरी निळा सूट दिला आणि अधिकारी म्हटलं. तो सूट उतरवणं तुम्हाला जमलं नाही. समजतं. समजलं म्हणून माफ करता येत नाही.

आणि माफ करता येत नाही याचं कारणही तुम्हीच आहात. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहत होती तेव्हा तुम्ही नोकरीला नवे होतात. टाकी-टाकीचं पाणी नळीत घेऊन क्लोरीनचा रंग पाहायचात, आणि रंग फिका आला तर सरपंचाच्या तोंडावर सांगायचात, हे पाणी पिऊ नका. ही गोष्ट मी आपल्या सासऱ्यांकडून मुरुडला पन्नास वेळा ऐकली आहे. ते एवढ्या अभिमानानं सांगायचे की धाकटा जावई म्हणून मला कंटाळा यायचा. पुढे शोभाला डेंग्यू झाला तेव्हा तुम्ही लातूरहून नांदेडला आलात आणि तीन दिवस दवाखान्याच्या खुर्चीवर बसलात. कॅलेंडरच्या पानामागे दर दोन तासांनी ताप लिहीत होतात, किती पाणी पोटात गेलं, किती लघवी झाली. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट एकोणीस हजारांवर आल्या. डॉक्टर म्हणाले, यांना आत्ता सांगू नका. तुम्ही बाहेर येऊन मला सांगितलंत. “एकोणीस हाय. घाबरा, पण ऐकून घाबरा. उगं अंधारात ठेवणार न्हाई तुम्हाला.” मी भिंतीला टेकून बसलो आणि तुम्ही शेजारी बसलात. शोभा आज आहे. ते पान मी जपून ठेवलं आहे. त्यावर एकही आकडा खोडलेला नाही.

बायकोच्या बाबतीत मला अंधारात ठेवलं नाहीत. स्वतःच्या बाबतीत सगळ्यांना ठेवलंत, आक्कांना सुद्धा. त्या माणसाचा मी ऋणी आहे आणि ह्या माणसाची मला किळस येते, आणि दोघांना एकाच फोटोला हात जोडून नमस्कार करावा लागतो, ही माझी आत्ताची अडचण आहे.

संचालकांना मी मशीनचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाले, “आता ते राहिले नाहीत. कशाला? पद्धत तर जाहीर झाली.” मी म्हटलं, पद्धत म्हणजे अधिकाऱ्यानं स्वतःचं स्वतः लिहायचं, एवढंच ना? ते म्हणाले, “तुम्ही स्मरणिकेत भावपूर्ण काहीतरी द्या.”

म्हणून काल पुन्हा आक्कांकडे गेलो. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पहिला मसुदा वाचला. त्यात एक वाक्य होतं: ‘स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदींत त्यांच्याकडून काही त्रुटी राहिल्या असाव्यात.’

“त्रुटी म्हणजे?”

“म्हणजे चूक, आक्का.”

“चुकले का ते?”

मी कागद खाली ठेवला. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

“तुम्ही आकड्याचे माणूस. सांगा ना. चुकले का?”

“नाही. खोटं लिहिलं.”

“मग तसं लिवा. चुकले म्हणलं तर पोरं म्हणतील, दमले आसतील काका, आन् जातील तशीच आत. खोटं लिवलं आसंच लिवा. हितं बसून लिवा, माझ्यासमोर.”

मी तिथे बसून लिहिलं: आरोग्य व सुरक्षा अधिकारी दिगंबरराव यांनी मोहिमेच्या शेवटच्या सतरा सकाळी स्वतःचा रक्तदाब न मोजता खोटा लिहिला. एकदा दुपारी मोजला, तो धोक्याचा निघाला, आणि तो त्यांनी लपवला. दुसऱ्या तुकडीत प्रत्येकाचा दाब दुसऱ्यानं मोजावा, अधिकाऱ्याचा सर्वांत आधी, आणि मोहीम थांबवण्याचा अधिकार सहाही जणांना असावा. हे लेखी मान्य होईपर्यंत कुणीही आपलं मूल आत पाठवू नये.

आक्कांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “खाली माझी सही घ्या. नुसतं साडूनं लिवलं म्हणलं तर म्हणतील, भाऊबंदकी हाय.”

मी पेन दिलं. त्या सावकाश सही करतात, तुम्हाला माहीत आहे. सौ. सुमन दिगंबर, एवढं झाल्यावर हात थांबला. त्यांनी पहिल्या अक्षराकडे पाहिलं, मीही पाहिलं. मग त्यांनी आडनाव लिहून सही पुरी केली. जे खरं नाही ते कागदावर राहू द्यायचं नाही, ही माझी सत्तावीस वर्षांची सवय आहे. मी ते तसंच राहू दिलं, आणि कागद तसाच छापायला दिला आहे.